आधी स्वतः बस, मग बसव

कोल्हापूर

चि. शिष्येस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ते वाचताना तुझ्याविषयी वाईट वाटण्याऐवजी मला त्या पालकांचाच राग आला, ज्यांनी भर मैदानात, मुलांच्या देखत, "मॅडम, तुम्ही स्वतः किती उंचीच्या अडथळ्यावरून घोडा घालता?" असे तुला विचारले. तू एक मीटर असे खरे उत्तर दिलेस, ते योग्यच केलेस. मात्र त्या रात्री तू जो निष्कर्ष काढलास, की ज्याची स्वतःची रायडिंग मध्यम आहे त्याने एकतर शिकवणे सोडावे, नाहीतर घोड्यावर बसणे सोडून निव्वळ प्रशिक्षक व्हावे, तो मला मुळीच पटलेला नाही. त्यातला पहिला अर्धा भाग भित्रेपणाचा आहे आणि दुसरा अर्धा त्याहून घातक आहे.

पालकांच्या प्रश्नाचा निकाल आधी लावून टाकतो. हांग्झूच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये आपल्या संघाने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चाली अचूक करून दाखवण्याच्या प्रकाराचे, सुवर्णपदक मिळवले, घोडेस्वारीतले ४१ वर्षांनंतरचे पहिले, आणि तेव्हापासून ज्याला खोगीर कोणत्या बाजूने चढवतात हेही ठाऊक नाही तोसुद्धा पदकाच्या मापाने माणूस मोजू लागला आहे. उंची हे स्वाराचे एक माप आहे, एवढेच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे तुला पाठ आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये लिस हार्टेल नावाच्या डॅनिश बाईने ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे तिचे गुडघ्यांखालचे पाय निकामी झाले होते. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला तिला दुसऱ्याची मदत लागे, आणि तरीही चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्यच मिळवले. तेव्हा "तुम्ही किती उंच उडी मारता" या प्रश्नाला यापुढे हसून उत्तर दे आणि पुढच्या मुलाच्या घोड्याचा तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, तपासायला जा.

आता खरा मुद्दा. तुझी रायडिंग विद्यार्थ्यांच्या कामाची आहे का, असे तू विचारतेस, आणि विचारताना तुझ्या डोळ्यांसमोर फक्त विद्यार्थी आहे. घोडा कुठे गेला? तू दाखला दिला आहेस तो नेमबाजीचा. आपल्या जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतले तेव्हा निशाण त्याने साधले, प्रशिक्षकाला बंदूक उचलावी लागली नाही, असे तुझे म्हणणे. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेमबाज म्हणून उतरल्या होत्या, हे तू सोयीस्करपणे विसरलीस. पण ते सोडून देऊ. कालच्या मुलाने चाप चुकीचा ओढला म्हणून रायफल आज रुसत नाही. घोड्याच्या तोंडात मात्र काल चार नवशिक्यांनी लगाम धरून तोल सावरलेला असतो, आणि आज पाचवा मुलगा पाठीवर बसतो तेव्हा घोडा त्या चौघांचाही हिशेब त्याच्याकडून वसूल करतो. शिकाऊ स्वाराखाली रोज चालणारा घोडा हळूहळू बिघडतच असतो. टाचेला बधिर होतो, एका लगामावर रेलू लागतो, फाटकाजवळच्या कोपऱ्यात खांदा टाकून पागेकडे सरकतो. हे दुरुस्त करणारा माणूस त्याच्या पाठीवर नियमाने बसला नाही, तर ते बिघडणे विद्यार्थ्याच्या खात्यावर चढते. म्हणून सांगतो: आधी स्वतः बस, मग बसव.

आमच्याकडे एक कुमाईत घोडी होती. गुणी, धिमी, लहान मुलांना हमखास द्यावी अशी. एका पावसाळ्यानंतर ती उजव्या फेरीत कँटरला, म्हणजे संथ दौडीला, येईना. तिच्यावरचा मुलगा इशारा करायला गेला की ती मान वर टाकी, शेपूट झटकी आणि ट्रॉटचाच, म्हणजे दुडक्या चालीचाच, वेग वाढवून पळत राही. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे कारण तयार होते: टाच लागत नाही, खांदा आत पडतो, मुलगा भितो. मुलालाही ते पटले होते, आणि धड्याच्या दिवशी सकाळपासून त्याच्या पोटात दुखू लागे. मी त्याला उतरवले आणि त्याच खोगिरावर बसलो. वॉकमध्ये, साध्या चालीत, काहीच जाणवले नाही. ट्रॉटमध्ये रिकिबीत न उठता खोगिरात बसून फेरी घेतली, तेव्हा कोपऱ्यावर वजन उजव्या बैठकीवर आले की तिची पाठ त्याच बाजूला किंचित खाली जाते आहे, वजन येण्याआधीच ती ते चुकवू पाहते आहे, हे कळले. खोगीर काढून उलटे केले. उजव्या गादीत लोकरीचा सुपारीएवढा टणक गोळा झाला होता आणि तिच्या पाठीवर नेमक्या त्या जागी बोट दाबले की कातडी थरथरत होती. सकाळी खरारा करणाऱ्या मोतद्दाराला काही दिसले नव्हते, कारण दिसण्यासारखे काही नव्हतेच. ना जखम, ना सूज. जमिनीवर उभा राहून मी त्या मुलाला आणखी महिनाभर टाच मारायला शिकवले असते तरी तो गोळा तिथेच राहिला असता, आणि घोडीला मात्र आपण चाबूक दाखवला असता. ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि अनेकांनी ती खोगिराची गोष्ट म्हणून ऐकली आहे. तू तसे करू नकोस.

दुसरे असे की, खोगिरापासून फार दिवस लांब राहिलेल्या शिक्षकाचा आवाज उशिरा पोहोचू लागतो. कँटरची सुरुवात घोड्याच्या बाहेरच्या मागच्या पायाने होते, तेव्हा तो पाय टेकण्याच्या बेतात असतानाच स्वाराचा इशारा घोड्यापर्यंत गेला पाहिजे. कडेला उभी राहून तू तो पाय पाहशील, "आता" म्हणशील, तो शब्द मुलाच्या कानावर पडेल, मुलाची टाच हलेल, आणि तोवर ते पाऊल निघून गेलेले असेल. मुलगा बिचारा आज्ञाधारक, पण दरवेळी अर्धे पाऊल मागे. जो माणूस आठवड्यातून काही वेळ तरी घोड्यावर असतो त्याच्या कमरेत ती लय जिवंत असते, आणि त्याचा "आता" आपोआप थोडा आधी निघतो. हे पुस्तकात वाचून येत नाही आणि मोबाइलवर चित्रफिती पाहूनही येत नाही. "टाचा खाली" ही आपली आवडती आरोळी घे. रिकिबी काढून ट्रॉटच्या चार फेऱ्या मार, मांड्या पेटतील, आणि मग तीच आरोळी कोणत्या क्षणी मारावी व कोणत्या क्षणी गप्प बसावे, याची अक्कल तुला नव्याने येईल.

गंगावेस आणि मोतीबाग तालमीतले वस्तादही उतारवयात लढत नाहीत, मग त्यांना कोणी का विचारत नाही, असा टोमणा तू पत्राच्या शेवटी मारला आहेस. बाई गं, वस्ताद मैदानात लढत नाही हे खरे, पण तो हौदाच्या काठावर खुर्ची टाकून नुसता बसतो असे तुला वाटत असेल तर तू तालीम बाहेरूनच पाहिली आहेस. तो लाल मातीत उतरतो, पोराची मान दाबून पाहतो, कमरेला विळखा घालून त्याचा जोर कुठे गळतो ते अंगाने जोखतो. मी तुझ्याकडे नेमके तेवढेच मागतो आहे. पदक नको, उंच अडथळे नकोत, मुलांसमोर घोडा नाचवून दाखवणे तर मुळीच नको. त्या असल्या प्रदर्शनाने मुले शिक्षकाचे हात नकलतात, त्याची बैठक त्यांना दिसतही नाही. आधी स्वतः बस, मग बसव, यात पाहणारे कोणी असण्याची गरजच नाही. पहाटे, मैदान रिकामे असताना बस.

यात अडचण येते ती पैशाची, आणि तू ती लिहायला लाजलीस म्हणून मीच लिहितो. शिकवण्याचे तासावर पैसे मिळतात, स्वतः घोड्यावर बसण्याचे कोणी देत नाही. घोड्याच्या अंगात दिवसाला मोजकेच काम असते आणि त्यातले अर्धेअधिक फी भरणाऱ्यांना जाते. आपण दोघेही बारगीरच. घोडा दुसऱ्याचा, चंदी दुसऱ्याची, त्यामुळे तो कोणी आणि केव्हा फिरवायचा हेही दुसराच ठरवतो. मी ऐन उमेदीत जिथे शिकवत होतो तिथल्या व्यवस्थापनाने एके दिवशी मला बजावले की, मुलांच्या फीवर पोसलेले घोडे शिक्षकाच्या शौकासाठी नाहीत. मी समजावून पाहिले, हिशेब मांडून दाखवला, आणि शेवटी नोकरी सोडली. त्याबरोबर शिंगरू असल्यापासून मी घडवलेला एक घोडाही सुटला. पुढे तो वरातीत नाचवायला विकला गेल्याचे कानावर आले. त्या घोड्याचे दुःख मला आजही आहे, नोकरीचे नाही. घरच्यांनी मला हट्टी म्हटले, आणि अजूनही म्हणतात. पण ज्या पागेत शिक्षकाला घोड्यावर बसायला बंदी आहे तिथे घोडेही शिकत नाहीत आणि मुलेही शिकत नाहीत, फक्त फेऱ्या होतात. हे मत मी तेव्हा बदलले नाही आणि आता या वयात बदलणार नाही.

तू लिहिले नाहीस, तरी तुझ्या मनात आले असणार की, सर स्वतः आता कुठे उडी घेतात? नाही घेत. कंबर साथ देत नाही, चढायला ओटा लागतो, आणि उतरल्यावर क्षणभर खोगीर धरून उभे राहावे लागते. पण धडा सुरू होण्याआधी, ज्या घोड्यावर नवे मूल बसणार आहे त्याच्या पाठीवर मी वॉक आणि थोडा ट्रॉट करतोच. त्याला कोणी रायडिंग म्हणणार नसेल तर न म्हणो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे पुढे संचालक झालेले आलोइस पोधाय्स्की यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. पुढे १९४८ मध्ये, संचालकपदाचा सगळा भार डोक्यावर असताना, पन्नाशीतला हा गृहस्थ लंडनला पुन्हा घोड्यावर बसून ऑलिंपिकच्या मैदानात उतरला. त्या संस्थेत नवशिक्याला आधी लंजवर (शिक्षकाने धरलेल्या लांब दोरीवर), लगाम आणि रिकिबी काढून, महिनोन्महिने फक्त बसायला शिकवतात, आणि तेही मुरलेल्या घोड्यावर. मुरलेला घोडा कच्च्या स्वाराला घडवतो आणि मुरलेला स्वार कच्च्या घोड्याला, असा तिथला क्रम आहे. त्या साखळीतला मुरलेला स्वार जमिनीवर उतरून बसला तर उद्याचा मुरलेला घोडा येणार कुठून? मी माझी कंबर पुढे करून सुटका मागू शकलो असतो. मागितली नाही, आणि तू चोविसाव्या वर्षी मागते आहेस, म्हणून हे पत्र इतके लांबले.

तेव्हा आता असे कर. तुझ्या वरिष्ठांकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, वेळापत्रक घेऊन जा. रोज पहिल्या धड्याआधी अर्धा तास, आणि दरवेळी वेगळा घोडा, म्हणजे आठवड्यात सगळे घोडे एकदा तरी तुझ्या मांडीखालून जातील. घोडे नीट राहिले तर धडे कमी रद्द होतात, ही भाषा त्यांना कळते, तीच वापर. ऐन पावसाळ्यात मैदानात चिखल होऊन वर्ग बंद पडतात, त्या दिवसांत सुट्टी घेऊ नकोस. चालीत का होईना, घोडे रस्त्याने फिरव. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे आणि गाणी कर्कश लावलेले ट्रॅक्टर तुमच्या फाटकासमोरून जाऊ लागतील. त्याआधी प्रत्येक घोडा तू स्वतः तशा आवाजाजवळून नेऊन आणलेला असला पाहिजे, कारण तो बुजला तर काय करतो हे आठ वर्षांच्या मुलाआधी तुला कळायला हवे.

आणि तो पांढऱ्या पायांचा घोडा, ज्याच्यावर तुझी ती विद्यार्थिनी रडते असे तू लिहिले आहेस, त्याच्याविषयी "मुलीला आत्मविश्वास नाही" याखेरीज पत्रात एक अक्षर नाही. उद्या त्याच्यावर बस. डाव्या आणि उजव्या फेरीत लगामाचे वजन सारखे लागते का, बसून ट्रॉट करताना पाठ उचलतो की पाडतो, फाटकाकडे जाताना आणि फाटकापासून येताना चाल बदलते का, एवढे बघ आणि मला सविस्तर कळव. त्या मुलीला तोवर दुसऱ्या घोड्यावर बसव.

तुझा,
सर