उबंटू अपग्रेड केल्यावर बाइंड सुरूच होत नाही, काढून पुन्हा टाकू का?

उबंटू २०.०४ चं २२.०४ केल्यापासून ऑफिसचा डीएनएस सर्व्हर (मशीनच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा) उठत नाही, म्हणून तुम्ही बाइंड, म्हणजे त्यावरचं डीएनएसचं सॉफ्टवेअर, पर्ज करून (मुळासकट काढून) नव्याने टाकायच्या विचारात आहात. नका करू. पर्जमध्ये जुनं कॉन्फिगही (सेटिंगच्या फाइली) जाईल, आणि बिघाड बहुतेक त्यातल्याच एक-दोन ओळींत असणार.

माझ्यावर हीच वेळ आली होती. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत माग बंद असतात, म्हणून अपग्रेड तेव्हाच उरकलं. कारखाना सुरू झाला त्या सकाळी पॅकिंगमधून फोन : "दादा, बारकोड प्रिंटर सापडंना." प्रिंटर ठणठणीत होता. आयपीवर पिंग जात होतं, नावावर नाही.

सेवा चालू आहे का ते सांगणारं सिस्टिमसीटीएल स्टेटस बघून मला फारसं काही उमगलं नाही. मग ही कमांड दिली : सुडो नेम्ड-चेककॉन्फ (ती बाइंडचं कॉन्फिग तपासते; 'नेम्ड' हे बाइंडच्या सेवेचं नाव). तिनं फाइलचं नाव, ओळीचा नंबर आणि पुढे "अननोन ऑप्शन डीएनएससेक-एनेबल" असं छापलं. तुमच्याकडेही हेच निघेल असा माझा अंदाज.

कारण साधं आहे. २०.०४ मध्ये बाइंड ९.१६ होतं, २२.०४ मध्ये ९.१८ आहे. ९.१६ मध्येच ही ओळ (डीएनएससेक, म्हणजे डीएनएसची उत्तरं खरी आहेत का ते तपासायची सोय, चालू करणारी) निकामी झाली होती, पण ते लॉगमध्ये कुरकुर करून पुढं जायचं. तो लॉग कोण वाचतंय! ९.१८ नं असे जुने ऑप्शन पार काढून टाकले, आता एक जरी दिसला तरी ते सुरू व्हायलाच नकार देतं. 'डीएनएससेक-लुकअसाइड'चंही तेच, आणि ती ओळ ज्या सेवेसाठी होती ती २०१७ मध्येच बंद झाली. माझ्याकडची फाइल माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेली. सर्व्हर बदलला की मी ती पेनड्राइव्हवरून उचलून ठेवायचो, उघडून कधी बघितली नाही.

तर फाइलची कॉपी काढा, त्या ओळी उडवा, चेककॉन्फ परत चालवा. काहीच छापलं नाही म्हणजे पास. मग नेम्ड रीस्टार्ट. एक सांभाळा : 'डीएनएससेक-व्हॅलिडेशन' ही वेगळी ओळ आहे, नाव सारखं वाटतं म्हणून तिला हात लावू नका. ती ऑटोवरच राहू द्या.

एवढं करूनही झोन (तुमच्या डोमेनमधल्या नावांची यादी) लोड होत नसेल आणि लॉगमध्ये "परमिशन डिनाइड" येत असेल, तर चमोड ७७७ (फाइलीवर सगळ्यांना सगळी परवानगी) मारत बसू नका. मी अर्धा तास त्यातच घालवला. झोनच्या फाइली नेहमीच्या फोल्डरबाहेर ठेवल्या होत्या, त्यासाठी ॲपआर्मरच्या (कोणत्या प्रोग्रॅमला कुठल्या फाइली उघडू द्यायच्या ते ठरवणाऱ्या उबंटूच्या पहारेकऱ्याच्या) प्रोफाइलमध्ये भर घातलेली होती, आणि अपग्रेडनं विचारल्यावर मी घाईत 'नवी फाइल घ्या' म्हणून बसलो. ती भर ॲपआर्मरच्याच लोकल फोल्डरमधल्या फाइलीत घाला, म्हणजे पुढच्या वेळी पुसली जाणार नाही.

बाकीच्या मशीनना नावं मिळतात पण खुद्द सर्व्हरलाच मिळत नाहीत, असं झालं तर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस बघा (सर्व्हर स्वतः नावं कुणाला विचारतो ते कळेल) आणि नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) नेमसर्व्हर म्हणून स्वतःचाच आयपी द्या.

चेककॉन्फनं भलतंच काही छापलं तर ती ओळ जशीच्या तशी कळवा, कंपनीचं डोमेन तेवढं खोडून.