इंग्लंडमधल्या सामुदायिक कार्यशाळेत मी आणि माझी नणंद अपहोल्स्टरी, म्हणजे खुर्च्या-सोफ्यांना भरण आणि कापड लावण्याची कला, शिकणार आहोत. दोघीही नवशिक्या आहोत. घरातल्या दोन आरामखुर्च्या घेऊन जाण्याचा विचार आहे. सुरुवात कशापासून करावी?

सुरुवातीला दोघींनी मिळून एकच खुर्ची हाती घ्यावी, आणि तीही जेवणाच्या टेबलाभोवतीची, जिची बैठक चौकटीतून वर उचलून वेगळी काढता येते अशी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या दोन आरामखुर्च्या घेऊन जाण्याचा विचार असल्याचे तुम्ही लिहिले आहे. तो तूर्त बाजूला ठेवावा. आरामखुर्चीला हात आणि पाठ भरावी लागते, बहुधा स्प्रिंगाही बांधाव्या लागतात, आणि आठवड्याची एक संध्याकाळ एवढ्या वेळात ते काम महिनोन्महिने चालते. उचलून काढता येणारी बैठक म्हणजे फक्त एक लाकडी चौकट, पण पारंपरिक भरणीतले बहुतेक थर तिच्यावर क्रमाने हाताखालून जातात. मी आणि माझे पती इथल्या एका सामुदायिक कार्यशाळेत असेच शिकलो, आणि त्या अनुभवावरूनच पुढचे लिहीत आहे.

जुने आवरण उतरवण्याचे काम घाईने उरकू नका, कारण या कलेतला पहिला धडा तोच आहे. लाकडी मोगरी आणि चुका (म्हणजे बारीक खिळे) उपटण्याची बोथट पटाशी घेऊन एकेक चूक काढायची असते. पटाशीचा रोख नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने ठेवावा. रेषा आडव्या छेदत मारली, तर चौकटीच्या कडेचा ढलपा निघतो. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क हवाच, कारण जुन्या भरणीतून निघणारी धूळ फार बारीक असते. एकीने काढावे आणि दुसरीने प्रत्येक थराचा फोटो काढून, कापडावर खडूने ‘पुढची बाजू’, ‘मागची बाजू’ असे लिहून ठेवावे. उतरवलेले आवरण टाकून देऊ नका, कारण नवे कापड बेतताना मापाचा अंदाज त्यावरूनच येतो.

त्यानंतर तागाच्या पट्ट्या येतात. सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीच्या या पट्ट्या आपल्याकडच्या खाटेच्या नवारीसारख्या एकमेकींच्या वरखालून विणतात, आणि बैठकीचा सगळा भार त्याच पेलतात. पट्टीचे टोक दुमडून पाच चुका सरळ ओळीत न मारता नागमोडी मारतात, म्हणजे एकाच रेषेवर ताण येऊन लाकूड फाटत नाही. मग दुसऱ्या बाजूला ताणकाठीने पट्टी ओढून धरायची, तीन चुका मारायच्या, जास्तीची पट्टी कापून टोक दुमडायचे आणि आणखी दोन चुका मारायच्या. नीट ताणलेल्या पट्टीवर बोट वाजवले, तर घुमल्यासारखा आवाज येतो. कुशल कारागीर हे सगळे एकटा करतो. हातोडीचे एक तोंड चुंबकीय असल्याने चूक त्याला चिकटून राहते आणि दुसरा हात ताणकाठीवर ठेवता येतो. नवशिक्यांना मात्र एकाच वेळी ताण धरणे आणि नेमके ठोकणे जमत नाही. इथे दोघी असण्याचा खरा फायदा होतो: एकीने ताण धरावा, दुसरीने ठोकावे, आणि पुढच्या पट्टीला कामे बदलावीत. कामांची ही अदलाबदल कटाक्षाने करा, नाहीतर एकीचा हात हातोडीवर बसतो आणि दुसरी शेवटपर्यंत मदतनीसच राहते.

पट्ट्यांवर गोणपाट ताणून ठोकतात. त्यावर वाकड्या सुईने सुतळीचे सैल टाके घालतात आणि त्या टाक्यांखाली काथ्या किंवा घोड्याचे केस पिंजून, मूठमूठ सरकवून भरतात. काथ्या आणि गोणपाट आपल्या ओळखीचेच असल्याने या टप्प्यावर मला फार आपलेपणा वाटला, हे इथे नमूद करावेसे वाटते. भरण मध्ये थोडे उंच आणि कडांना एकसारखे हवे. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहाताला कळते, म्हणून दोघींनीही डोळे मिटून हात फिरवून पाहावा. गाठ किंवा खळगा लागला, तर तिथेच पुन्हा पिंजावे. भरणीवर मांजरपाट ताणून बैठकीला आकार देतात, त्यावर कापसाचा पातळ थर आणि सर्वांत शेवटी वरचे कापड येते.

वरचे कापड लावताना चुका आधी अर्ध्याच ठोकतात. मागच्या बाजूच्या मध्यावर एक, मग समोरच्या मध्यावर, मग दोन्ही बाजूंच्या मध्यांवर, आणि तिथून थोडेथोडे कोपऱ्यांकडे सरकायचे. कापडाचे उभे-आडवे धागे चौकटीला समांतर आहेत की नाहीत, हे ताण देणाऱ्या व्यक्तीला दिसत नाही, कारण तिचे डोळे कडेवर खिळलेले असतात. दोन पावले मागे उभी असलेली दुसरी मात्र रेषा कुठे वाकली ते चटकन सांगू शकते. तेवढ्या चुका उपसून पुन्हा ताणायचे आणि सगळे सरळ बसल्यावरच पूर्ण ठोकायचे.

कापड निवडताना रंगाआधी जाडी पाहा. ही बैठक खुर्चीच्या खाचेत घट्ट बसत असल्याने जाड मखमल घेतली आणि ती जबरदस्तीने आत दाबली, तर खुर्चीचे सांधे उकलतात. कापड किती घासण सोसते हे मार्टिंडेल आकड्याने दाखवतात, म्हणजे चाचणीत ते झिजेपर्यंत किती वेळा घासले गेले तो आकडा. रोजच्या घरगुती वापरासाठी २५,००० च्या आसपासचे कापड पुरेसे असते.

एक गोष्ट सुरक्षिततेची. इंग्लंडमध्ये १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांनुसार फर्निचरचे भरण आणि कापड यांना आगरोधकतेच्या कसोट्या लावल्या जातात. १९५० पूर्वी बनलेल्या फर्निचरला आणि त्याच्या नव्या भरणीच्या साहित्याला त्यांतून सूट आहे. या कसोट्यांसाठी कित्येक वर्षे फोम आणि कापडात घातलेली काही रसायने पुढे घातक व पर्यावरणात टिकून राहणारी ठरली, आणि त्यामुळे २०२३ पासून अशी रसायने असलेले टाकाऊ सोफे-खुर्च्या कचरा-भरावात न टाकता जाळून नष्ट करावे लागतात. म्हणून रस्त्याकडेला सोडलेला जुना फोमचा सोफा सरावासाठी उचलून आणू नका. धर्मादाय दुकानात मिळणारी जुनी, लाकडी, काथ्या किंवा केस भरलेली खुर्ची घ्या. शक्यतो एकसारख्या दोन मिळाल्या तर उत्तम. पहिली दोघींनी मिळून पूर्ण करा आणि दुसऱ्या खुर्चीचा प्रत्येक टप्पा आलटून पालटून एकीने एकटीने करा, दुसरीने तेव्हा फक्त पाहावे. नाव नोंदवण्याआधी कार्यशाळेत दोन गोष्टी विचारून घ्या: अर्धवट काम तिथे ठेवता येते का, आणि ताणकाठी व चुंबकीय हातोडी तिथली वापरता येते का. ठेवण्याची सोय नसेल, तर आरामखुर्ची दर आठवड्याला नेणे-आणणे अवघड जाईल, पण ही बैठक मात्र पिशवीतूनही नेता येते.