‘तिच्या पोटात जीव, मग माझ्या पोटात काय होतं?’

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी, मुलगी दहा महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले. बाळंतपणानंतर आलेल्या नैराश्यातून मी जेमतेम सावरत होते, औषधं चालू होती. नवऱ्याशी बोलून आठव्या आठवड्यात गर्भपात केला. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? आता बऱ्याच उपचारांनंतर धाकट्या बहिणीला दिवस राहिलेत. तिलाही आठवाच आठवडा. सोनोग्राफीचा फोटो माझ्या हातात देऊन म्हणाली, “ताई, ठोके दिसले गं!” तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. तिच्या पोटात जीव आहे, तर माझ्या पोटात काय होतं? मी खून केला का? पुढच्या सोनोग्राफीला तिला मी सोबत हवी आहे.

उत्तर : ‘आठव्या आठवड्यात कसला आलाय जीव’ असं म्हणून तुमची समजूत काढता आली असती. पण तुम्ही तो फोटो पाहिला आहे, तुम्हाला ते पटणार नाही. या वेळी गर्भ दीडेक सेंटिमीटरचा असतो, हातापायांच्या जागी कोंब फुटलेले असतात आणि हृदयाची धडधड पडद्यावर दिसते. तुमच्याही पोटात तेच होतं. हवा असला तर जीव आणि नको असला तर काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. फार सोयीचं होतं ते.

मात्र जीव होता म्हणजे खूनच झाला, इथवर तुम्ही एका उडीत पोहोचलात. माणसांना हे कोडं इतकं सहज कधीच सुटलेलं नाही. मुलाचा गर्भ ४० दिवसांच्या सुमारास हालचाल करू लागतो आणि मुलीचा ९० दिवसांच्या, असं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं. (मुलीला तिथेही उशीर!) कॅथलिक चर्चनं गर्भपात कायम पापच मानला, पण आत्मा आलेला गर्भ आणि न आलेला गर्भ असा भेद शिक्षेच्या बाबतीत शतकानुशतकं केला. १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी तो काढून टाकला. अनेक मुस्लिम धर्मपंडितांच्या मते १२० दिवसांनी गर्भात आत्मा येतो. ज्यू परंपरेत प्रसूतीच्या वेळी आईच्या जिवावर बेतलं, तर बाळाचं डोकं बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधी. हिंदू धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्या घोर पातकांत मोजली. गर्भधारणेपासूनच पूर्ण माणूस मानणारे लोक आजही पुष्कळ आहेत. ते काही सगळे दुष्ट किंवा अडाणी नाहीत; कुठेही रेघ ओढली तरी ती मनमानी ठरेल, ही त्यांची शंका मला खरी वाटते.

तरीही मी त्यांच्या बाजूची नाही. गर्भ वाढत जातो तसं त्याचं आपल्यावरचं ऋणही वाढत जातं, असं मला वाटतं. आणि गर्भ हवेत वाढत नाही. एका बाईनं महिनोन्‌महिने आपलं शरीर आणि मन त्याला द्यायचं असतं. तुमच्या आणि बहिणीच्या गर्भात काडीचा फरक नव्हता. फरक होता तो तुम्हा दोघींकडून जे मागितलं जात होतं त्यात. ती आस लावून बसली होती. तुम्ही एका आजारातून उठत होतात, कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. त्या वेळी ‘हे मला झेपणार नाही’ म्हणणं याला मी खून म्हणणार नाही. काहीच गमावलं नाही, असंही म्हणणार नाही.

या दोन्ही गोष्टी एका मनात नांदू शकतात. जपानमध्ये १९४८ पासून गर्भपाताला कायद्यात जागा आहे आणि तिथेच न जन्मलेल्या गर्भांसाठी देवळात विधीही होतात. लाल लाळेरं बांधलेल्या जिझोच्या, म्हणजे मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, छोट्या दगडी मूर्तींच्या रांगा असतात. काही देवळांनी गर्भाच्या कोपाची भीती घालून पैसे उकळले, अशी टीकाही झाली; तो भाग सोडून द्या. पण तिथे येणारी बाई मनापासून हात जोडते, आणि म्हणून तिचा निर्णय चुकला होता असं ठरत नाही. अमेरिकेत गर्भपातासाठी दवाखान्यात आलेल्या जवळपास हजार स्त्रियांची पाच वर्षं विचारपूस करणारा एक अभ्यास झाला. ज्यांनी गर्भपात केला होता, त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक जणींनी पाच वर्षांनंतरही निर्णय बरोबर होता असंच सांगितलं. दुःख वाटलेल्याही त्यात होत्या. तुम्हाला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं ते खरं होतं, आज भरून येतंय तेही खरं आहे. आजच्या रडण्यावरून तेव्हाच्या स्वतःला आरोपी करू नका.

आता सोनोग्राफीचं. जायलाच हवं असं नाही. “पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन जा, मी नंतर घरी येते” एवढं पुरे आहे, कारण द्यायची गरज नाही. गेलात आणि डोळे भरून आले, तर ती आनंदाचेच समजेल, समजू द्या. तुमची गोष्ट तिला सांगायची असेल तर आत्ता नको. पहिले तीन महिने तिचाही जीव टांगणीला असणार, त्यात तुमचं ओझं तिच्या गळ्यात घालू नका. आत्ता नवऱ्याशी बोला. निर्णय दोघांचा होता, मग जागरण एकटीचं का?

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या झोपेची. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या माणसाची झोप अशी उडाली, तर आठवडेच्या आठवडे वाट पाहायची नसते. ज्या डॉक्टरांनी तेव्हा उपचार केले त्यांची याच आठवड्यात वेळ घ्या, फोटोपासूनचं सगळं सांगा, आणि घरात उरलेल्या जुन्या गोळ्या मात्र आपल्या मनानं सुरू करू नका.