३१ मार्चला संस्थेला दिलेला देणगीचा चेक एप्रिलमध्ये वटला, तर ८०जीची (देणगीवरची आयकरातली) सूट कोणत्या वर्षी? आणि भाच्याला चेकने पैसे दिले तर?

चेक संस्थेच्या हातात ज्या वर्षी पडला, त्या वर्षी. तो वटला म्हणजे झालं, कधी वटला ते बघायचं नाही.

एवढं ठासून सांगतोय, कारण मी एका वाचनालयाचा खजिनदार आहे आणि आमच्या सेक्रेटरींना हे आजतागायत पटलेलं नाही. ३१ मार्च २०२३, शुक्रवार संध्याकाळ. एक निवृत्त मुख्याध्यापक २५,००० रुपयांचा चेक घेऊन आले, मी लगेच पावती फाडली. १ तारखेला बँकांचं क्लोजिंग, २ ला रविवार. सोमवारी चेक भरला, मंगळवारी महावीर जयंती, बुधवारी पैसे जमा. सेक्रेटरींनी पासबुक पाहिलं, माझ्या स्थळप्रतीवर लाल शाईने आडवं 'रद्द' लिहिलं आणि ५ एप्रिलची नवी पावती केली. "पैसेच आले नव्हते, तर पावती कसली?" सरांना विचारलंसुद्धा नाही! फॉर्म १०बीडीत, म्हणजे संस्था आयकर खात्याला देते त्या देणग्यांच्या यादीत, देणगी पुढच्या वर्षात गेली असती आणि सर सूट मागताना अडकले असते.

मी कराडकडचा. आमच्या ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्स या कंदिलाच्या कारखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच सांगून ठेवलंय की चेक परत गेला नाही, तर पैसे चेक मिळाला त्याच दिवशी मिळाले असं धरायचं. तिथे वाद पैसे कुठे मिळाले याचा होता, देणगीचा नव्हे, पण तत्त्व तेच. निकालाची प्रत मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली. ऑडिटरनी वाचली आणि नोंद मार्चमध्येच ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, "कंदिलाच्या कारखान्याचा वाचनालयाशी काय संबंध?" अशा माणसांच्या हाती पावतीपुस्तक देऊच नये. तुम्ही चेक देतानाच नंबर आणि तारीख घातलेली पावती हातात घ्या, "नंतर पाठवतो" चालवून घेऊ नका.

अर्थात चेक परत गेला तर सूट नाही. त्यावर एप्रिलची तारीख घातली असेल, तर तो मार्चमध्ये देऊन उपयोग नाही. आणि हो, नवीन करप्रणाली घेतली असेल तर ८०जी मिळतच नाही, मग हा सगळा खटाटोप कशाला?

भाच्याला मामा-मावशीने कितीही द्यावं, त्याला कर नाही, तेव्हा तिथे तारखेची भानगडच नाही. उलट भाच्याने मामाला वर्षात ५०,००० च्या वर दिले, तर ती सगळी रक्कम मामाच्या उत्पन्नात धरतात, कारण कायद्याच्या यादीत मामा भाच्याचा नातेवाईक आहे, भाचा मामाचा नाही.