लडाखात चाललेल्या लेकासाठी

प्रश्न : माझा मुलगा पॉलिटेक्निक करून एका रस्त्याच्या कंत्राटदाराकडे लागला. आता त्याला लेहला पाठवताहेत. नोव्हेंबरात जायचं आहे, तिथे एका लडाखी कुटुंबाच्या घरी खोली ठरली आहे. हे कळल्यापासून गावात जो तो येऊन काही ना काही सांगतो. तिकडचे लोक महिना महिना आंघोळ करत नाहीत, चहात मीठ घालतात, संडासात पाणी नसतं, हिवाळाभर शेगडीजवळ बसून दारू पितात, असं. पोरगा हसण्यावारी नेतो, मला रात्री झोप नाही. यातलं खरं काय? त्यानं त्या घरात कसं राहावं? आणि सोबत काय काय द्यावं?
— एक आई, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र संपादकांनी मुद्दाम माझ्याकडे धाडलं. मी २०११ च्या सप्टेंबरपासून २०१५ च्या मे महिन्यापर्यंत लेहजवळच्या साबू गावात राहिले. आमचे हे तिथे नोकरीला होते. चार हिवाळे काढले, एका लडाखी घराच्या वरच्या मजल्यावर. त्या घरच्या बाईंना सगळे ‘आमा-ले’ म्हणायचे. आमा म्हणजे आई, आणि ‘ले’ म्हणजे आपलं ‘जी’. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ही माणसं आपल्या वऱ्हाडीतच बोलतात की काय, ‘आमाले द्या, आमाले सांगा’. गावापासून इतक्या दूर तो एक शब्द कानावर पडला आणि मला रडू आलं होतं.

तुम्हाला जे सांगितलं गेलं ते सगळंच खोटं नाही. पण ज्यांनी सांगितलं त्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. काहून तसं, हे कोणी सांगितलं नाही.

आंघोळीचं आधी घेते, बदनामी तिचीच जास्त. लेह समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर आहे. आपलं दर्यापूर तीनशेच्या आसपास. जानेवारीत तिथे रात्रीचा पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज जातो, कधी त्याहूनही खाली. नळ हिवाळाभर बंद, कारण पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतो. आमा-ले सकाळी लोखंडी पहार घेऊन ओढ्यावर जायच्या, बर्फ फोडायच्या, खालचं वाहतं पाणी डब्यात भरायच्या आणि पाठीवर घेऊन चढ चढायच्या. मी पहिल्यांदा सोबत गेले तेव्हा ओल्या हातानं बादलीची कडी धरली. हात कडीला चिकटला. ओढला असता तर कातडी गेली असती. आमा-लेंनी तोंडानं फुंकर घालून घालून एकेक बोट सोडवलं. माझ्या लुगड्याचा भिजलेला पदर घरी येईस्तोवर वाळलेल्या पापडासारखा कडक झाला होता.

आता असं आणलेलं पाणी आधी कोणाला? आधी चहाला, मग गाईला, मग स्वयंपाकाला. अंगावर ओतायला काय उरणार? तरी आठ-दहा दिवसांनी, कडक ऊन असलेल्या दिवशी, अकरा ते एकच्या दरम्यान घरातली सगळी जणं चुलीवर पाणी तापवून न्हायची. मी मात्र आपला नेम मोडायचा नाही म्हणून पहिले दहा दिवस रोज आंघोळ केली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, रक्त यायला लागलं. तिथली हवा इतकी कोरडी की वर्षभराचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर. घाम येतच नाही, मळ बसत नाही, आणि साबणानं अंगचं होतं नव्हतं तेल निघून जातं. आमा-लेंनी माझे हात पाहिले, काही बोलल्या नाहीत. आतून जर्दाळूच्या बियांचं तेल आणलं आणि चुलीजवळ बसवून चोळून दिलं.

आणि स्वच्छतेचं म्हणाल तर ओढ्यात कपडे धुवायला मला त्यांनीच मनाई केली. पाण्यात ‘लू’ राहतात, आपल्याकडच्या नागदेवतेसारखे, ते कोपतात अशी श्रद्धा. खालच्या घरांना तेच पाणी प्यायचं असतं, हेही आहेच. गावात शेताच्या पाण्याची पाळी लावायला ‘चुरपोन’ नावाचा माणूस नेमलेला असतो, त्याचा शब्द मानतात. आपल्याकडे पाटाच्या पाण्यावरून काय काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. मी तर सख्ख्या भावाभावांची डोकी फुटलेली पाहिली आहेत.

संडासात पाणी नसतं, हे खरं. वरच्या मजल्यावर एक खोली, जमिनीला चौकोनी भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. झालं की वरून माती लोटायची. कोरड्या थंड हवेत वास येत नाही. वसंतात खालच्या खोलीतून ते खत निघतं आणि जवाच्या शेतात जातं. पिकाला हाताशी चारच महिने, जमीन वाळूची. त्या खतावाचून तिथे दाणा पिकला नसता. पोराला सांगा, तिथे पाणी ओतायचं नाही, पाण्यानं सगळं खत सडतं. माझ्या हातून ही चूक झाली होती, आणि आमा-लेंचा एवढाच एक राग मी चार वर्षांत पाहिला.

मिठाचा चहाही खरा. चहाची पत्ती सोड्याबरोबर बराच वेळ उकळतात, मग लाकडाच्या उंच नळकांड्यात मीठ आणि लोणी घालून दांड्यानं घुसळतात. गुरगुर आवाज होतो, म्हणून गुरगुर चहा. चहा समजून प्यायला तर घशाखाली उतरत नाही. पातळ कढण समजून प्या, मग कळतं की ओठ फुटत नाहीत, अंगात ऊब राहते, आणि सकाळी एवढ्यावर दुपारपर्यंत काम होतं. भाजलेल्या जवाचं पीठ असतं, ‘ङम्फे’ म्हणतात. ते त्या चहात कालवून हातानं गोळा करायचा आणि खायचा. आपण सातूचं पीठ कालवतो तसंच.

दोन घोट घेतले की ते पुन्हा पेला भरतात. नको असेल तर पेला भरलेला तसाच राहू द्यायचा आणि निघताना संपवायचा. खाणं पुढे केलं की पहिल्यांदा नाही म्हणायची तिथे रीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं. वऱ्हाडातल्या पोराला हे शिकवावं लागणार नाही.

आता हिवाळाभर शेगडीजवळ बसण्याचं. ताई, हे वाचून मला आमच्याकडे आलेला एक पाहुणा आठवला. मे महिन्याचे शेवटचे दिवस, नवतपा लागलेला. दुपारी दोनला गावात फिरून आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, ‘सगळं गाव झोपलंय, म्हणून तर तुम्ही मागे राहिले.’ माझा दीर पहाटे चारला उठून पऱ्हाटीच्या वावरात वखर हाणून अकराला घरी आला होता. शेचाळीस अंशांत माणूस दुपारी वावरात राहिला तर ऊन लागून मरतो, हे त्या पाहुण्याला माहीत नव्हतं. दिरानं त्याला काहीच उत्तर दिलं नाही, माठातलं पाणी दिलं. पण ते बोलणं मला आजही लागतं.

लडाखातही अगदी तसंच. जमीन दगडासारखी गोठलेली, शेतात करण्यासारखं काही नाही. मग घर दिवसभर उन्हात राहील असं दक्षिणेला तोंड करून बांधलेलं, आणि हिवाळ्यात सगळे एका स्वयंपाकघरात. जळण वाचवायचं असतं, झाडं कमी, गोवऱ्याच जास्त. पण हात रिकामे नसतात. बायका मेंढीची लोकर कातायच्या, म्हातारे चालता चालता चातीवर याकचे, शेळीचे केस कातायचे. आपली लग्नं उन्हाळ्यात, कारण वावर मोकळं. त्यांची लग्नं, गोंपांमधले, म्हणजे बौद्ध मठांमधले, मुखवट्यांचे नाच हे बरंचसं हिवाळ्यात. केसर राजाची लांबलचक कथा सांगायची तीही हिवाळ्यातच. त्यांचं नवीन वर्ष, लोसर, डिसेंबरच्या आसपास येतं, तिबेटच्या लोसरच्या दोन महिने आधी. म्हणतात की सतराव्या शतकात जामयांग नामग्याल राजा बाल्टिस्तानवर स्वारीला निघाला, परत येतो की नाही कोणास ठाऊक म्हणून सण आधीच करून गेला, आणि तेव्हापासून तसंच चाललं.

दारूचं थोडक्यात. जवाची ‘छांग’ असते, सणाला, लग्नाला, कापणीला पितात. नको म्हटलं तर जबरदस्ती नाही. काही दारुडेही पाहिले, आपल्या गावात आहेत तेवढेच. शिवाय लडाख म्हणजे एक माणूस नव्हे. कारगिल जिल्ह्यात बहुतेक लोक शिया मुसलमान, तिथे छांगचा प्रश्नच नाही. पूर्वेकडच्या चांगथांग पठारावर याकच्या केसांच्या तंबूत राहणारे, पश्मिना शेळ्या पाळणारे चांगपा. त्यांची राहणी लेहवाल्यांनाही वेगळी वाटते.

आपल्याबद्दल त्यांचं काय मत असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. खालच्या मुलखातले लोक भांडखोर, अशी तिथे समजूत. मी फोनवर सासूबाईंशी बोलत होते, रेंज कमी, म्हणून मोठ्यानं. आमा-ले धावत वर आल्या, हातात चहाचा थर्मास. त्यांना वाटलं घरात भांडण झालं. त्या मुलखात कोणाला ‘शोन-चान’ म्हणणं, म्हणजे लवकर चिडणारा म्हणणं, ही मोठी शिवी आहे. तुमच्या लेकाला एवढं एक आवर्जून सांगा : आवाज खाली. साइटवर मजुराशीसुद्धा.

आणि त्यांना ‘चिनी’ म्हणायचं नाही, कोणी म्हणत असेल तर त्यात सामील व्हायचं नाही. आमा-लेंचा मुलगा चंदीगडला शिकायला होता. तिथे त्याला रोज हे ऐकावं लागे. सुट्टीत आला की महिनाभर गप्प असायचा.

‘जुले’ हा शब्द आधीच शिकवून ठेवा. नमस्कार, येतो, आभारी आहे, सगळ्याला जुले. त्यांच्या दोन म्हणी मी कायमच्या घरी आणल्या. एक : वाघाचे पट्टे बाहेर असतात, माणसाचे आत. दुसरी : शंभर घोडे असलेल्यालाही कधी चाबूक उसना मागावा लागतो. ही दुसरी आमा-लेंनी मला सांगितली ती मी उसनं मीठ मागायला लाजत होते तेव्हा.

तब्येतीचं मात्र काटेकोर पाळायचं. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस खोलीत नुसतं पडून राहायचं, जिना भरभर चढायचा नाही, पाणी भरपूर प्यायचं. हवा आपल्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश विरळ असते. डोकं थोडं दुखेल. पण उलट्या थांबत नसतील, बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल तर रात्र काढायची नाही, तडक दवाखान्यात. बुखारीला, म्हणजे धुराडं असलेल्या शेगडीला, घरचे लोक सांगतील तसंच हात लावायचा. कोळशाची उघडी शेगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. हे त्याच्याकडून शपथ घालून वदवून घ्या.

सोबत काय द्यायचं? छोटा कुकर नक्की द्या. तिथे पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, आपली तुरीची डाळ नुसत्या गंजात दिवसभर शिजली तरी दाण्याची दाणाच. जवसाची चटणी, शेंगदाणे, गूळ, तीळ द्या. वाळवलेली मेथी आणि वांगी द्या. आमा-लेही सप्टेंबरात गच्चीवर सलगमाचा पाला, पालक, टोमॅटो वाळवायच्या, गाजर-बटाटे खड्ड्यात पुरून ठेवायच्या. माझी वाळलेली वांगी पाहून त्यांनी तोंडात टाकून चव घेतली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी थैली मागून नेली. व्हॅसलिन, उन्हाचा काळा चष्मा, कानटोपी द्या. तिथे ऊन फार तिखट असतं. उन्हात बसलेल्या आणि पाय सावलीत ठेवलेल्या माणसाला ऊन आणि हिमदंश दोन्ही एकाच वेळी लागतात, असं तिथे म्हणतात. खोबरेल तेल देऊ नका, दगड होतं. जाड गोधडी इथून वाहून नेऊ नये, तिथे घरची माणसं पांघरूण देतात.

घरधनिणीसाठी संक्रांतीचे तिळाचे लाडू पाठवा. श्रीनगरहून लेहला येणाऱ्या रस्त्यावरची झोजी खिंड बर्फानं बंद पडली की पार्सल अडकून राहतं, म्हणून ते डिसेंबर लागायच्या आतच टाका. लाडू जरा नरम वळा. आमा-लेंचे पुढचे दोन दात नव्हते, मी पहिल्या वर्षी कडक पाकाचे नेले होते. त्यांनी ते चहात बुडवून, एकेक करत, पंधरा दिवस पुरवले.