जुना लॅपटॉप घेताना: वेग पाहावा की बॅटरी?

प्रश्न: सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचाय. एकात इंटेलचा आय-५ ७२००यू प्रोसेसर आहे, दुसऱ्यात आय-५ ८२५०यू. दोन्ही १५ वॉटचेच. दुसरा वेगवान आहे, मग त्याची बॅटरी लवकर उतरेल ना?

उत्तर: नाही. १५ वॉट हा प्रोसेसर सतत जोरात चालतानाच्या उष्णतेचा हिशेब. टायपिंग करताना, मेल वाचताना तो त्याच्या बराच खाली असतो. तेव्हा बॅटरीचा मोठा वाटा स्क्रीन खाते. म्हणून साध्या कामात दोघांचा बॅकअप जवळपास सारखाच. वेगात मात्र मोठा फरक: सातव्या पिढीच्या ७२००यूला दोन कोर (एकाच वेळी वेगळं काम करणारे भाग), आठव्या पिढीच्या ८२५०यूला चार. शिवाय मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. थोडे पैसे जास्त पडले तरी ८२५०यूच घ्या.

प्रश्न: माझा आय-५ ६२००यू यूट्यूब लावलं की तापतो, पंखा जोरात फिरतो. डाउनलोड केलेला सिनेमा मात्र शांतपणे चालतो. असं का?

उत्तर: यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ स्वरूपातला व्हिडिओ पाठवतं. तो पूर्णपणे उलगडणारं हार्डवेअर तुमच्या ६२००यूच्या सहाव्या पिढीत नाही, त्यामुळे बराच भार कोरवर येतो. तुमचा सिनेमा बहुधा एच.२६४ या स्वरूपातला असणार, त्याची सोय चिपमध्येच आहे. ब्राउझरमध्ये एच२६४आयफाय हे एक्स्टेन्शन टाकून पाहा. १०८०पीपर्यंतच दिसेल, पण पंखा निवेल आणि बॅटरीही टिकेल. सातव्या पिढीत ही उणीव भरून निघाली.

प्रश्न: चौथ्या पिढीचा आय-७ ४७१०एचक्यू स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

उत्तर: प्लगला लावूनच वापरणार असाल तर घ्या. तो ४७ वॉटचा आहे, जोराच्या कामात बॅटरी लवकर उतरते. प्रवासात नेण्याजोगा नाही.

प्रश्न: दुकानदार ‘बॅकअप चांगला आहे’ म्हणतो. खात्री कशी करायची?

उत्तर: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला भरणारी क्षमता असे दोन आकडे दिसतात. मूळ ५०,००० मिलिवॉट-तास आणि आता ३१,००० असेल, तर ६२ टक्केच उरली. लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० या लॅपटॉपमध्ये सहसा दोन बॅटऱ्या असतात, दोन्हींचे आकडे पाहा. मागची थकली असेल तर खटका सरकवून सहज बदलता येते. आतली थकली असेल तर तळ उघडावा लागतो. तो खर्च धरूनच भाव करा.