पोटगी आपसात कमी ठरवली, आता थकबाकीचा वसुली अर्ज आलाय

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. मुलासाठी महिना 12,000 चा आदेश, नोकरी बदलल्यावर पगार घटला, मुलाच्या आईशी फोनवर बोलून 7,000 ठरले, शाळेची फी तुम्ही परस्पर भरत राहिलात, आणि 14 महिन्यांनी 70,000 थकल्याचा अर्ज. मी वकील नाही, कागद वकिलाला दाखवाच. पोटगी म्हणजे काय, समन्स कसं घ्यायचं हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

सगळं बिघडलंय ते फोनवरच्या त्या बोलण्यात. कोर्टाचा आदेश कोर्टच बदलतं. पगार कमी झाला म्हणून तो आपोआप कमी होत नाही आणि दोघांनी मान डोलावली म्हणूनही नाही. कागदावर 12,000 आहेत तोवर दर महिन्याला 5,000 चढतच राहतात. तुम्ही ज्या मदत कक्षात गेला होतात तिथे म्हणाले, ‘आपसात ठरलंय ना, मग कोर्टात कशाला?’ असले फुकटचे सल्ले देणाऱ्यांना नंतर तारखेला उभं राहावं लागत नाही, म्हणून ते देतात. आपसातच ठरवायचं होतं तर दोघांच्या सहीची संयुक्त पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल करून त्यावर आदेश घ्यायला हवा होता. आईची खरंच तयारी असेल तर त्याला फार वेळ लागत नाही. व्हॉट्सॲपवरचं ‘ठीक आहे’ पुरावा म्हणून जोडा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता काय करायचं. तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात की वॉरंट निघतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये (1 जुलै 2024 पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) पुरेशा कारणाशिवाय थकवलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलंय. ‘महिनाभर आत बसतो, विषय संपेल’ असं सांगणाऱ्या मित्रांना दूर ठेवा.

लेखी म्हणणं द्या आणि सोबत तक्ता जोडा : महिना, देय रक्कम, दिलेली रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक. फीचा रकाना वेगळा ठेवा. फी वजा मिळेलच असं नाही. त्यासाठी आदेशाचा शेवटचा, प्रत्यक्ष हुकुमाचा परिच्छेद वाचा. ‘12,000 शिक्षणखर्चासह’ असं असेल तर तुमची बाजू बरी आहे. ‘फी वेगळी’ किंवा फीबद्दल अवाक्षर नसेल तर समोरचा वकील म्हणणार की ती तुम्ही खुशीने भरलीत. शाळेच्या पावतीवर भरणाऱ्याचं नाव तुमचंच आहे ना, हेही पाहा.

आणखी एक. कलम 144 खाली वॉरंट मागायचं तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे 14 पैकी जुन्या 2 महिन्यांवर, म्हणजे 10,000 वर, हरकत घेता येईल. घ्या, पण सगळी मदार त्यावर ठेवू नका. दिवाणी डिक्री (दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा) असेल तर तिची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, वेगळ्या मुदतीने चालते, आणि पोटगीच्या डिक्रीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो.

त्याच दिवशी काही रक्कम कोर्टात जमा करून उरलेल्याचे हप्ते मागा. माझ्या मते रिकाम्या हाताने हप्ते मागण्यात अर्थ नाही; थोडी का होईना, रक्कम भरलेली दिसली की बोलणं वेगळ्या सुरात होतं.

वसुलीला उत्तर दिल्याने पुढची रक्कम कमी होत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज हवा, आणि तो तुम्ही अजून केलेला नाही असं दिसतंय. आदेश कुठल्या कलमाखाली आहे ते पाहा : 144 किंवा जुनं 125 असेल तर नव्या संहितेचं कलम 146, हिंदू विवाह कायद्याखाली मुलासाठी झालेला असेल तर कलम 26, घरगुती हिंसाचार कायद्याखाली असेल तर 25(2). चुकीच्या कलमाखाली टाकलात की दोन-तीन तारखा नुसत्या हरकतीत जातात. कपात साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून पुढे मिळते, म्हणून घाई करा. रेंगाळलेला प्रत्येक महिना तुम्हाला 5,000 ला पडतोय.

अर्जाला जुन्या आणि नव्या पगाराच्या स्लिपा, जुन्या कंपनीचं कार्यमुक्तीपत्र, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सगळ्या खात्यांचे उतारे जोडा. सगळ्या म्हणजे सगळ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (2020) निकालापासून मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना द्यावं लागतं. त्यात लपवलेलं एक खातं सापडलं की खऱ्या पगारकपातीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. गाडीचा हप्ता, वैयक्तिक कर्ज यांवर भिस्त ठेवू नका. आयकर, भविष्य निर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती धरतात, हौसेची कर्जं सहसा नाही. नोकरी मुद्दाम सोडण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर कृपया ऐकू नका. हातीपायी धड माणसाची कमावण्याची क्षमता पाहूनच आकडा ठरवतात. आई कमावती असेल तर तेही मांडा, पण तिच्या पगाराची स्लिप चोरून मिळवू नका. कोर्टामार्फत मागवता येते.

मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पैसे अडवले, असंही तुम्ही एका ओळीत लिहिलंय. ते वाक्य लेखी म्हणण्यात चुकूनही येऊ देऊ नका. भेटीचा अर्ज वेगळा, पोटगी वेगळी, आणि एकाचं कारण दुसऱ्याला लावलं की न्यायाधीश तुमच्याकडे बघायची नजरच बदलतात. भेटीसाठी अर्ज करा, वार, वेळ आणि जागा लिहून मागा, समुपदेशकासमोरही तेच बोला.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत जमेल तितकी रक्कम ठरलेल्या तारखेला, मुलाच्या आईच्याच खात्यात, ‘मुलाची पोटगी, जून’ असा शेरा टाकून पाठवा. रोख अजिबात नको, मामाच्या हाती तर नकोच. ती खातं देत नसेल तर कोर्टात जमा करून पावती घ्या. मूळ आदेशाची प्रमाणित नक्कल नसेल तर आधी तिचा अर्ज टाका, कारण नक्कल हातात येईपर्यंत कलम कोणतं हेच कळणार नाही.